एमपीएच करायचंय? कम्युनिटी हेल्थमधल्या मास्टर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की फॉर्म सुटतात आणि तेच तेच मेसेज यायला लागतात, त्यामुळे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. यातलं बहुतेक महाराष्ट्रात शिकणाऱ्यांना धरून आहे, बाहेर जाणाऱ्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे. फी, तारखा, सीट दरवर्षी बदलतात, त्या त्या विद्यापीठाच्या नोटिशीतच बघा, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका (माझ्यासुद्धा).

एमपीएच, एमडी, एमएससी नर्सिंग... कम्युनिटी हेल्थमध्ये मास्टर्स म्हणजे नक्की कुठलं?

हे आधी क्लिअर करा, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. एमडी कम्युनिटी मेडिसिन (जुने डॉक्टर अजून पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनच म्हणतात) फक्त एमबीबीएसवाल्यांना, नीट-पीजी देऊन, तीन वर्षं, थिसिस वगैरे सगळं, आणि आता त्यात तीन महिने जिल्हा रुग्णालयात जाऊन काम करणंही सक्तीचं आहे. एमएससी नर्सिंगमध्ये कम्युनिटी हेल्थ नर्सिंग हे स्पेशलायझेशन असतं, त्याला बीएससी किंवा पोस्ट बेसिक नर्सिंग, ५५ टक्के, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, कोर्स दोन वर्षांचा. आणि तिसरं एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, जे डॉक्टर नसलेल्यांनाही बऱ्याच ठिकाणी करता येतं. बाकीच्या प्रश्नांमध्ये मी मुख्यतः एमपीएचबद्दलच बोलतेय.

आणि हो, उपकेंद्रावरच्या सीएचओसाठी (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) जो सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो ना, तो मास्टर्स नाही. तो केलेला असेल तर चांगलंच आहे, पण तो वेगळा.

ताई मी बीएएमएस आहे, माझी मैत्रीण बीए सोशिऑलॉजी आहे. दोघींना चालेल का?

तुम्हाला जवळपास सगळीकडे चालेल. मैत्रिणीला कॉलेज बघून. काही ठिकाणी फक्त आरोग्य क्षेत्रातली पदवी धरतात म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओ, नर्सिंग, फार्मसी, काही ठिकाणी व्हेटर्नरी पण. काही ठिकाणी कुठलाही ग्रॅज्युएट चालतो पण सोशल सायन्स, स्टॅट, न्यूट्रिशन, सोशल वर्क अशांना झुकतं माप मिळतं किंवा कामाचा अनुभव बघतात. पात्रतेचा रकाना शब्द न शब्द वाचा. "एनी ग्रॅज्युएट" लिहिलंय की "ग्रॅज्युएट इन हेल्थ सायन्सेस" लिहिलंय यावर तुमचं पूर्ण वर्ष अवलंबून असतं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर वर्गात सगळे डॉक्टर असले की चर्चा औषधं आणि दवाखाना यांच्या बाहेर जातच नाही. बीएसडब्ल्यू केलेली एखादी मुलगी उठून विचारते की बाई दवाखान्यात आलीच नाही त्याचं काय, तेव्हा खरा क्लास सुरू होतो. त्यामुळे बीएवाल्यांनी दबून राहायचं अजिबात कारण नाही.

ग्रॅज्युएशनला किती टक्के लागतात? एंट्रन्स असते का?

बहुतेक ठिकाणी ५० टक्के, राखीव प्रवर्गाला सूट. एंट्रन्स प्रत्येकाची वेगळी. टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबईतली मास्टर्सची ॲडमिशन आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेच्या स्कोअरवर आणि पुढच्या टप्प्यांवर होते, आधी त्यांची स्वतःची परीक्षा होती, त्यामुळे जुने सीनियर जे सांगतात ते आता लागू नाही. पुणे विद्यापीठाच्या विभागाची स्वतःची प्रक्रिया, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेल्या कोर्सेसची वेगळी, अभिमत विद्यापीठांची अजून वेगळी.

मुलाखतीत एक गोष्ट हमखास विचारतात: तुमच्या गावातली किंवा वॉर्डातली आरोग्याची एक अडचण सांगा. इथे "जनजागृती कमी आहे" हे उत्तर देऊ नका प्लीज. तुमचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) किती लांब आहे, तिथे एमओ (मेडिकल ऑफिसर) राहतो का, एसटी कितीला येते, बाळंतपणाला बायका कुठे जातात, हे माहीत असू द्या.

शिकवतात काय? माझं गणित कच्चं आहे

एपिडेमियोलॉजी (आजार कुणाला, किती, का होतात याचा अभ्यास), बायोस्टॅट (आरोग्याची संख्याशास्त्र), आरोग्य व्यवस्था आणि धोरण, हेल्थ इकॉनॉमिक्स, पर्यावरण आणि आरोग्य, समाजशास्त्र, माता-बाल आरोग्य, पोषण, रिसर्च मेथड्स. चार सेमिस्टर, साधारण ८० ते ९० क्रेडिट, विद्यापीठानुसार थोडं पुढेमागे. एक क्रेडिट म्हणजे ढोबळ १५ तासांचं लेक्चर किंवा ३० तासांचं प्रॅक्टिकल. हजेरी बहुतेक ठिकाणी ७५ टक्के.

गणिताचं म्हणाल तर दहावीची टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी एवढं पक्कं असेल तर बाकी शिकता येतं. सॉफ्टवेअर आकडेमोड करून देतं. पण भागाकारात खाली काय लिहायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही, आणि या विषयात सगळा खेळ तिथेच आहे. किती मुलं कुपोषित आहेत यापेक्षा कितीपैकी, हे "कितीपैकी" कुणी मोजलं, कधी मोजलं, त्यात कोण राहून गेलं, हे विचारायची सवय लागली की अर्धं एमपीएच झालं समजा.

फिल्डवर्क कम्पलसरी असतं का? सूट मिळते का?

कम्पलसरी असतं आणि मिळत असली तरी सूट घेऊ नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दरवेळी थोडं वाईट वाटतं, कारण हीच एक अट अशी आहे जिच्यातून तुम्ही खरोखर काहीतरी वेगळं होऊन बाहेर पडता. बाकी नोट्स मिळतातच.

साधारण असं असतं की दर सेमिस्टरला काही दिवस ते काही आठवडे फिल्ड, आणि शेवटच्या वर्षात एखाद्या संस्थेत किंवा शासकीय कार्यालयात इंटर्नशिप. जागा म्हणजे पीएचसी, उपकेंद्र, महापालिकेचा दवाखाना, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, एनजीओ.

पीएचसीला गेलात तर एमओंच्या केबिनमध्ये बसून पीपीटी घेऊन परत येऊ नका. लसीकरणाच्या दिवशी एएनएम सिस्टरबरोबर (उपकेंद्राची परिचारिका) वाडीवर जा. ती व्हॅक्सिन कॅरिअर उघडते त्यात चार आइसपॅक असतात, ते फ्रीजरमधून काढल्या काढल्या ठेवले तर काही लसी गोठून वाया जातात म्हणून आधी थोडे घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवावे लागतात, हलवून बघायचं, आतलं पाणी हललं की ठेवायचे. हे वाचून लक्षात राहत नाही, तिच्या हातात बघितलं की राहतं. मग तिची ड्यू लिस्ट बघा. आज किती मुलं यायची होती, किती आली, जी आली नाहीत त्यांची नावं आशा ताईला तोंडपाठ असतात आणि कारणंही. एक मामाच्या गावाला गेलं, एकाला मागच्या वेळी ताप आला म्हणून आजी पाठवत नाही, एका घरी आई शेतावर आहे आणि मूल आणायला दुसरं कुणी नाही. रिपोर्टमध्ये या तिघांसाठी एकच शब्द येतो, "ड्रॉपआउट". उपाय मात्र तिघांचे तीन वेगळे आहेत.

कागदावर सपाटीला ३०,००० लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक पीएचसी, उपकेंद्राला ५,००० आणि ३,००० असे निकष आहेत. हे परीक्षेत येतं. पण नंदुरबारमधल्या धडगाव किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या बाजूला गेलात की कळतं ३,००० लोक म्हणजे किती पाडे आणि मध्ये किती ओढे, आणि पावसाळ्यात त्यातल्या कितींपर्यंत गाडी जाते.

डिझर्टेशनला काय काय लागतं? विषय कसा निवडू?

मोठं उत्तर आहे, चहा घेऊन बसा.

क्रम असा असतो: विषय, गाइड, प्रोटोकॉल किंवा सिनॉप्सिस, एथिक्स कमिटीची मंजुरी, मग डेटा, मग ॲनालिसिस, लिखाण, प्लॅगिअरिझम चेक, सबमिशन, व्हायव्हा. मंजुरीच्या आधी एकाही माणसाकडून फॉर्म भरून घ्यायचा नाही. कमिटीची मिटिंग रोज होत नाही, त्यांनी दुरुस्त्या काढल्या की पुढच्या मिटिंगपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच प्रोटोकॉल तयार हवा. चौथ्या सेमिस्टरला सुरू करणारे शेवटी हॉस्टेलच्या पोरांचा गूगल फॉर्म भरून घेतात आणि त्याला स्टडी म्हणतात.

विषय लहान घ्या. "महाराष्ट्रातील कुपोषण" हा विषय नाही. एका पीएचसीच्या हद्दीतली सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, हा विषय होऊ शकतो. लहान म्हणजे हलका असं समजू नका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास गडचिरोलीतल्या फक्त दोन गावांचा होता, ६५० बायका, आणि त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, पण त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या दहात एकसुद्धा नव्हत्या. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरलं जायचं. दोन गावांनी तो समज हलवला, कारण प्रश्न बरोबर होता आणि दवाखान्यात आलेल्या बायका न मोजता गावातल्या बायका मोजल्या होत्या.

आता सॅम्पल साइज, म्हणजे किती जणांना मोजायचं, ज्याला सगळे घाबरतात. सोपं सूत्र ४ गुणिले पी गुणिले क्यू भागिले डी वर्ग. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) प्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुजेपणाचं (वयाच्या मानाने उंची कमी) प्रमाण ३५.२ टक्के, म्हणून पी ३५ धरा, क्यू म्हणजे १०० वजा पी, ६५, आणि चूक (डी) ५ टक्क्यांपर्यंत चालेल असं धरा. ४ × ३५ × ६५ = ९१००, भागिले २५, आले ३६४. घर बंद, आई नाही म्हणाली असं धरून दहा टक्के वाढवा, झाले ४०० च्या आसपास. पण तुम्ही सगळ्या गावांतून चिठ्ठ्या टाकून मुलं न निवडता काही गावं निवडून तिथली मुलं घेणार असाल तर एवढ्यावर भागत नाही, डिझाइन इफेक्टने गुणावं लागतं, दीड धरलात तरी ३६४ चे ५४६ होतात. आता एकट्याने दारोदार जाऊन ५४६ मुलांची उंची मोजायला किती आठवडे लागतील याचा हिशोब विषय ठरवतानाच करा.

आणि कधी मोजणार ते महिने बघा. बीड, पाथर्डी, नंदुरबार या पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यात परत येतात. जानेवारीत सर्व्हे केलात तर ज्या घरांना कुलूप आहे तीच घरं तुमच्या आकड्यातून गायब. मागे राहिलेली मुलं एकतर बऱ्या परिस्थितीतली किंवा आजीजवळ ठेवलेली, म्हणजे आकडा खाली जाईल की वर हे सांगताच येत नाही. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न हाच टाकतात आणि बरोबर टाकतात.

मोजमापाचं पण तसंच. दंडघेराची पट्टी डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला हवा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलं की तीव्र कुपोषित. पट्टी जरा आवळली की मूल लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषितमध्ये, ढिली धरली की पिवळ्यात. म्हणून आधी दहा मुलं दोनदोनदा मोजून बघायची, एकदा तुम्ही, एकदा तुमचा जोडीदार, आकडे जुळेपर्यंत पुढे जायचं नाही.

एथिक्स म्हणजे फक्त सही घ्यायची ना?

नाही हो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या वाचा. माहितीपत्रक आणि संमतीपत्र लोकांच्या भाषेत पाहिजे, आणि मराठी म्हणजे शासकीय पत्रातली मराठी नाही. "सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही" हे वाचून दाखवलं की समोरच्या बाईला वाटतं कसलीतरी योजना आलीय, आणि ती अंगठा द्यायला हात पुढे करते. तिला सांगावं लागतं की याचे पैसे मिळणार नाहीत, नाही म्हणालात तरी रेशन, अंगणवाडी, दवाखाना काही बंद होणार नाही, मध्येच उठून जाता येईल. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही लागते. आणि सर्व्हेत एखादं मूल आजारी सापडलं तर फॉर्मवर टिक करून पुढच्या घरी जायचं नसतं, ते कुठे पाठवायचं, कोण घेऊन जाणार हे आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे.

नोकरी करत करत होईल का? डिस्टन्स चालतं का?

रेग्युलर एमपीएच पूर्ण वेळ असतं, नोकरी सांभाळून अवघड. ऑनलाइन किंवा डिस्टन्स घेणार असाल तर त्या विद्यापीठाला त्या कोर्ससाठी त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का हे यूजीसीच्या साइटवर स्वतः बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर नको. आणि फिल्डवर्क कसं घेतात विचारा. उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या.

कॉलेज चांगलं आहे की नाही कसं ओळखायचं?

एमपीएचला एमबीबीएससारखं एकच कौन्सिल नाही, त्यामुळे दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुनी, नाव असलेली ठिकाणं म्हणजे तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर जिथे १९९७ पासून एमपीएच आहे, कोलकात्याची १९३२ सालची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ, चंदीगडचं पीजीआय, दिल्लीत जेएनयूचं सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थचं सेंटर, आणि आपल्याकडे टिस. लोकसंख्या आणि आकडेवारीची आवड असेल तर देवनारची लोकसंख्या अभ्यासाची संस्था, आयआयपीएस बघा, तिथे एमपीएच नाही पण एनएफएचएस तेच लोक करतात.

नवीन कॉलेज असेल तर मागच्या बॅचच्या डिझर्टेशनचे विषय मागा. पूर्णवेळ शिक्षक किती विचारा. फिल्डला कुठे नेतात, तिथे किती दिवस राहतात विचारा. इमारत, एसी क्लासरूम, विमानतळापासून अंतर यावर जाऊ नका.

फी परवडत नाही, काय करू?

सरकारी आणि खासगी यात फार मोठा फरक आहे, आधी सरकारी भरा. महाडीबीटीवर भारत सरकार पोस्ट मॅट्रिक आणि बाकीच्या योजना बघा, पण तुमचा कोर्स आणि कॉलेज तिथल्या यादीत आहे का हे ॲडमिशनच्या *आधी* तपासा, नंतर नाही. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर हे आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

परदेशात एमपीएच करायचं असेल तर?

अमेरिकेत सीईपीएच या संस्थेची मान्यता बघायची. त्यांच्या नियमाप्रमाणे एमपीएचला किमान ४२ क्रेडिट, २२ पायाभूत कौशल्यं, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटी एक मोठं लेखी काम लागतं. अर्ज बहुतेक सोफास या एकाच पोर्टलवरून जातात. जीआरई आता बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत, टोफेल किंवा आयईएलटीएस लागतंच. व्हिसाच्या दृष्टीने लक्षात ठेवा, एपिडेमियोलॉजी आणि बायोस्टॅट स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आहेत, साधं पब्लिक हेल्थ नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात चुकवू नका.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले आणि १९७० साली जामखेडला काम उभं केलं, गावातल्याच, बऱ्याचशा शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बंग दांपत्य पण तिथूनच एमपीएच करून गडचिरोलीत आलं. बाहेर जायला माझा विरोध नाही, पण अर्जातल्या निबंधात परत येऊन काय करणार हे लिहाल ते मनापासून असू द्या.

नोकरी लागते का? नावापुढे डॉक्टर लावता येतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही, आणि औषधही लिहून देता येत नाही. तुमच्या मूळ पदवीने जो हक्क दिलाय तेवढाच.

नोकऱ्या एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियान) असतात (बहुतेक कंत्राटी, हे आधीच मान्य करून या), साथरोग सर्वेक्षण, कार्यक्रम व्यवस्थापन, एनजीओ, संशोधन प्रकल्प, कंपन्यांचं सीएसआर. मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनचे प्रोफेसर व्हायचं तर एमडी लागते. विद्यापीठात शिकवायचं किंवा पीएचडी करायची तर यूजीसी नेटमध्ये सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ नावाचा विषयच आहे, खूप जणांना माहीत नसतो. केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना पब्लिक हेल्थ आणि मॅनेजमेंट केडरच्या (या कामासाठी वेगळा अधिकारीवर्ग) मार्गदर्शक सूचना दिल्या. असं केडर खरोखर उभं राहिलं तर कंत्राटीवर वर्षानुवर्षं झिजणाऱ्या मुलामुलींना न्याय मिळेल, आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी आवाज लावून धरला पाहिजे असं मला वाटतं.

मराठी मीडियमची आहे, झेपेल का?

झेपेल. वाचन इंग्रजीत आहे, पहिले दोन-तीन महिने डिक्शनरी घेऊन बसावं लागेल. पण फिल्डमध्ये इंग्रजी मीडियमवाले तुमच्या मागे मागे येतील, कारण बाईशी अंगावरून जाण्याबद्दल किंवा दिवस राहण्याबद्दल कसं बोलायचं हे त्यांना येत नाही आणि तुम्हाला येतं.

ॲडमिशनला अजून वेळ आहे, आत्तापासून काय करू?

एनएफएचएस-५ चं तुमच्या जिल्ह्याचं फॅक्टशीट डाउनलोड करा, फुकट आहे, थोडक्या पानांचं. त्यातला एक आकडा निवडा, समजा ॲनिमिया, आणि तुमच्या गावातल्या आशा ताईंना विचारा की इथे खरंच असं आहे का, लोहाच्या गोळ्या येतात का, बायका खातात का, नसतील खात तर का. त्या काय म्हणाल्या ते वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. मग कोबो टूलबॉक्स या सर्व्हेच्या सॉफ्टवेअरवर खातं काढून पाच प्रश्नांचा फॉर्म बनवून बघा, एक्सेलमध्ये पिव्हट टेबल शिका. दाखले काढायला टाका म्हटलं होतं ते टाकलेत का?